मिहायोच्या पुस्तकातला झोपलेला वॉचमन

मिहायो कपालाता माझ्या दुकानात दाढीला यायचा तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच म्हणायचा, "थकलो रे, कोंडो." माझी त्याची ओळख झाली तेव्हा तो पन्नाशीचा होता, आणि तेव्हाही थकलेलाच होता. मला तर वाटतं, जन्मल्या जन्मल्या रडायचं सोडून त्याने सुस्कारा टाकला असणार आणि सुईणीला म्हणाला असणार, बाई, जरा टेकू दे.

असं मी बोलू शकतो, कारण मी झारामो आणि तो न्याम्वेझी. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. त्याचे पूर्वज आतल्या मुलखातून हस्तिदंताची ओझी डोक्यावर घेऊन किनाऱ्याला यायचे. आमचे पूर्वज वाटेवर उभे राहून त्यांच्या फुटलेल्या टाचांना हसायचे आणि मग त्यांना प्यायला पाणी द्यायचे. तेव्हापासून आम्ही एकमेकांना काहीही बोलावं, गुलाम म्हणावं, ताटातला मासा उचलून खावा, आणि समोरच्याने हसावं. जो रागावला त्याची लाज गेली. कुणी मेलं तर दुसऱ्या बाजूच्याने मयताच्या घरी जाऊन मेलेल्याची नक्कल करायची, जनाजा अडवायचा, हातावर काहीतरी पडेपर्यंत हलू द्यायचा नाही. रडणाऱ्या बायकांनाही मग हसू फुटतं. तेवढ्यासाठीच ते असतं.

तर हा मिहायो ताबोऱ्याहून आगगाडीने दारेसलामला आला, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाला, आणि आमच्या मगोमेनीत एका खोलीत राहून इन्स्पेक्टर सेंगोंडोची पुस्तकं लिहू लागला. सेंगोंडो म्हणजे पांढरा सूट, चकचकीत बूट आणि आमच्या गावच्या उकाड्यात कपाळावर घामाचा थेंब नाही. त्याच्याकडे प्रकरणं यायची ती फक्त बड्या माणसांची. हॉटेलवाल्याला पोहण्याच्या हौदात बुडवलं, तारबची गाणी गाणाऱ्या बाईच्या गळ्यातला हार पळवून तिचा गळाही दाबला, मंत्र्याच्या मेव्हण्याला त्याच्याच मोटारीत विष दिलं. गरीब माणसाचा खून मिहायोच्या पुस्तकात कधी झाला नाही. मी एकदा त्याला विचारलं तर म्हणाला, "गरीब मेला तर सेंगोंडोला बोलावणार कोण? फोन कुठून करणार?"

पुस्तकं पातळ, कागद खरखरीत, मुखपृष्ठावर लाल शाई ओतलेली. कारियाकू बाजारात फुटपाथवर जुन्या पँटींच्या शेजारी गोणपाटावर विकली जायची. आमच्या दुकानासमोर बाक आहे, तिथे पितळी किटलीतली कडू कॉफी आणि शेंगदाण्याची चिक्की मिळते. नवं पुस्तक आलं की मासूद शिंपी ते बाकावर बसून मोठ्याने वाचायचा आणि अख्खी गल्ली ऐकायची. मिहायो खुर्चीत, तोंडाला साबण, डोळे मिटून स्वतःचंच पुस्तक ऐकत पडलेला असायचा. मध्येच पुटपुटायचा की हे वाक्य वाईट झालंय.

सुरुवातीला बडी माणसं चिडायची. मग वारं फिरलं. एका फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाने माणूस पाठवून विचारलं की शेजारच्या क्लबच्या अध्यक्षाला मागच्या पुस्तकात मारलंत, आमच्या साहेबांना का नाही, त्यांच्यात काय कमी आहे. मिहायोने सुस्कारा टाकून त्याला सांगितलं की बाबा, नंबर लावा. गल्ली आठवडाभर त्यावर हसत होती.

त्याची काम करण्याची रीत साधी होती. आमच्याकडे मयताच्या घरी कुणीही जावं, चटईवर बसावं, पुलाव खावा, कुणाचे कोण म्हणून कुणी विचारत नाही. बडा माणूस गेला की मिहायो धुतलेला शर्ट घालून त्याच्या घरी जायचा आणि बसून राहायचा. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कुठली बायको कुठल्या खोलीत रडते आहे, सगळं त्याला तिथे आयतं मिळायचं. मात्र खुनी घरात शिरला कसा, हे जुळवताना तो नेहमी कंटाळायचा. कंटाळला की त्याच्या पुस्तकातला वॉचमन झोपायचा. हॉटेलवाल्याचा वॉचमन झोपला, गाणारणीचा झोपला, मेव्हण्याचा तर दोनदा झोपला. मी चिडवायचो की न्याम्वेझ्या, तुझ्या पुस्तकात जागा असा एकच माणूस आहे, तो म्हणजे मुडदा.

नुकताच घराघरांत टीव्ही येऊ लागला होता तेव्हाची गोष्ट. बद्रू सिंगानो म्हणून बसगाड्यांचा मालक होता, समुद्राकडच्या बंगल्यात राहायचा. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. एका रात्री दरोडेखोर शिरले आणि त्यांनी बद्रूला मारलं. फाटकावरच्या वॉचमनलाही मारलं. तो वॉचमन आमच्या गल्लीतला शबानी, माझ्याच जमातीचा, माझ्या दुकानासमोर तळलेले मासे विकणाऱ्या म्वानाइदीचा नवरा. पेपरांत कितीतरी दिवस बद्रूचे फोटो येत होते, बद्रूचं लग्न, बद्रूची पहिली बस, बद्रू क्लबला कप देताना. शबानीबद्दल छापून आलं ते एवढंच की एक वॉचमनही ठार झाला. पोलिसांना कुणी सापडलं नाही, आणि हळूहळू सगळं थंड पडलं.

दोघांनाही एकाच दिवशी पुरलं. खरं तर त्या दिवशी मिहायोची जागा आमच्या गल्लीत होती. शबानी झारामो, आणि गल्लीत न्याम्वेझी एकटा तोच. नक्कल त्याने करायची, जनाजा त्याने अडवायचा. पण तो धुतलेला शर्ट घालून बद्रूच्या बंगल्यावर गेला. शबानीचा जनाजा कुणी अडवला नाही. सरळ निघाला आणि सरळ गेला, आणि कुणी एकदाही हसलं नाही. संध्याकाळी मी मिहायोला चार शब्द सुनावले, तेव्हा तो म्हणाला की बंगल्यावर फार गर्दी होती, निघताच आलं नाही.

मग पुस्तक आलं. मासूद शिंप्याने ते बाकावर उघडलं आणि पहिल्याच पानावर सिमेंटचे दोन सिंह निघाले. नावं वेगळी होती, पण सिंह तेच. खुनी म्हणून मालकाचा मेव्हणा काढला होता. तो आत आला कसा? फाटक उघडं टाकून वॉचमन झोपला होता. अर्धं पान नुसतं त्याचं घोरणं होतं, आणि मासूद ते इतक्या हुबेहूब घोरून वाचत होता की कॉफीवाल्याच्या हातातला पेला हिंदकळला. शेवटी सेंगोंडो पांढऱ्या सुटात फाटकाशी उभा राहतो, वॉचमनच्या मुडद्याकडे बघतो आणि म्हणतो, "हा माणूस जागा असता तर मालक आज जिवंत असता."

रस्त्यापलीकडे म्वानाइदी कढईत मासे उलटत होती. तिला वाचता येत नाही, पण मासूदचा आवाज दोन गल्ल्या जातो. तिने मासे उलटले, काढले, गिऱ्हाइकाला कागदात बांधून दिले. मी आरशातून बघत होतो.

सेंगोंडोचं ते वाक्य गल्लीच्या तोंडी बसलं. कुणी कामावर उशिरा आला की ते वाक्य, मांजराने दूध सांडलं की ते वाक्य. आधी थट्टा होती. मग थट्टा कधी संपली ते कळलं नाही, लोक खरोखरच तसं म्हणू लागले. खऱ्या पोलिसांनी काही शोधलं नव्हतं, मग शोधलं कुणी, तर सेंगोंडोने. पाण्याच्या नळावर बायका म्वानाइदीला बघून बोलणं बदलायच्या. रात्रपाळीचे दुसरे वॉचमन, शबानीसोबत रोज संध्याकाळी बसने जाणारे, तिच्याकडचे मासे घेईनासे झाले. त्यांच्या मालकांनी त्यांनाही ते वाक्य ऐकवलं होतं. तिचा दीर म्हणाला की शबानीच्या वर्षाची दुआ गावाकडे गुपचूप उरकू, इथे कोण येणार आहे.

एक दिवस ती माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. मिहायो खुर्चीत होता, अर्धी दाढी झालेली.

"बाबा," ती त्याला म्हणाली, "तुमच्या सेंगोंडोला सांगा, त्याची चूक झाली."

मिहायोने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "म्वानाइदी, ती गोष्ट आहे. नावं सगळी वेगळी आहेत."

"सिंह तेच आहेत."

मी वस्तरा पुसत उभा राहिलो.

"शबानी झोपला नव्हता," ती म्हणाली.

"नसेल झोपला."

"नसेल नाही. नव्हता. तुम्ही झोपवलंत त्याला, तुम्हीच उठवा."

ती गेल्यावर उरलेली दाढी करताना त्याचा गळा सारखा हलत होता, दोनदा मला हात थांबवावा लागला. तो म्हणाला की पुढच्या पुस्तकात सेंगोंडो परत त्या फाटकावर जाईल आणि चूक कबूल करेल, त्याला काय एवढं. लिहायलाही बसला त्याच दिवशी. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा तो सुस्कारा न टाकता लिहायला बसला.

त्याचा प्रकाशक म्वाइपोपो, कागदाच्या दुकानावरच्या माळ्यावर पंख्याखाली बसणारा. मिहायो मला सोबत घेऊन गेला. म्वाइपोपो माणूस वाईट नव्हता, त्याने आमच्यासाठी सोडा मागवला. पानं चाळून म्हणाला की सेंगोंडो चुकला असं एकदा छापलं तर लोक म्हणतील मागच्या पुस्तकांतही चुकला असेल, मग ते हॉटेल, ती गाणारीण, सगळे खुनी सोडून द्यायचे का. आणि वॉचमनच्या मरणाचं पुस्तक विकत घेणार कोण?

"वॉचमन घेतील," मिहायो म्हणाला.

"वॉचमन एक घेतात आणि अख्ख्या रस्त्याला वाचायला देतात," म्वाइपोपो म्हणाला. "म्हातारबा, एखादा बँकवाला मारा ना. बँकवाला अजून झालेला नाही."

आम्ही बसने परत आलो. मिहायो खिडकीशी बसून वाटेतले बंगले बघत होता. बसमधून उतरताना त्याचा गुडघा धरला, मी हात दिला आणि म्हटलं की तुझ्या आजोबाने हस्तिदंत वाहिलं, तुला चार पानं वाहवत नाहीत. तो हसला, पण हसू अर्ध्यात राहिलं.

म्वानाइदीने दिराचं ऐकलं नाही. वर्षाची दुआ तिने गल्लीतच, स्वतःच्या अंगणात ठेवली. मिहायोला तेव्हा सुचलं की जनाजा अडवायचं राहिलं होतं, तर दुआच्या दिवशी आपण आपलं काम करू. थट्टेकऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहून काहीही बोलायची मुभा असते, त्याचं तोंड कुणी धरू शकत नाही. म्हणजे तिथे उभं राहून सगळं सांगता येईल. मलाही ते पटलं. दोघेही काय अकलेचे होतो, ते पुढे दिसलंच.

मिहायो नक्कल करणार ही बातमी पसरली आणि अंगण भरलं. जे वॉचमन वर्षभर मासे घेत नव्हते तेही आले. दुआ झाली, पुलावाची पातेली उतरली, आणि मिहायो उठला. अंगात शबानीसारखा लांब कोट, हातात काठी, बॅटरी. आधी तो शबानी झाला, ताठ उभा, डोळे बटाट्याएवढे उघडे. मग नाकातून बोलून सेंगोंडो झाला.

"तू झोपला होतास."

"नाही साहेब."

"मग पुस्तकात कसं लिहिलंय?"

"पुस्तक लिहिणारा न्याम्वेझी आहे साहेब, दर दोन ओळींनंतर त्यालाच डुलकी लागते."

अंगण हसून लोळलं. मी स्वतः डोळे पुसत होतो. इतका चांगला नकलाकार त्या थकलेल्या देहात होता हे मला माहीत नव्हतं. मग मिहायोने काठी खाली ठेवली, कोट काढला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "लोकहो, शबानी झोपला नव्हता. मी खोटं लिहिलं."

त्यावर लोक सगळ्यांत जास्त हसले. कुणीतरी ओरडलं की शाबास रे गुलामा. मागून एकाने जोरात घोरून दाखवलं, थट्टेला थट्टा म्हणून. दुसरा घोरला, तिसरा घोरला, आणि बघता बघता अख्खं अंगण घोरू लागलं. मिहायो हात वर करून उभा होता, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, आणि जितकं कळवळून सांगत होता तितकी ती नक्कल लोकांना आवडत होती.

म्वानाइदी पातेल्याशी उभी होती, हातात डाव. थट्टेत रागावायचं नसतं, म्हणून ती हसली. ते हसू मी पाहिलं, आणि माझा घास तोंडातच राहिला.

घरी जाताना मिहायो गल्लीच्या कडेला दगडावर बसला. म्हणाला की थट्टेत बोललेलं कुणी मनावर घेत नाही, म्हणूनच तर ती चालते, हे लहान पोरालाही कळतं, आणि मी खरं सांगायला नेमकी तीच जागा निवडली. जे छापलं ते खोटं आणि लोकांनी खरं मानलं, जे कळवळून सांगितलं ते खरं आणि लोक त्यावर घोरले. मला लोकांचा राग आला होता, आणि मीही त्यांच्यासारखाच हसलो होतो म्हणून स्वतःचाही.

त्यानंतर तो एकेका बाकावर जायला लागला. मगोमेनीत कॉफीचे बाक थोडे नाहीत, आणि पुढे इलाला आहे, बुगुरुनी आहे, तेमेके आहे. रोज दुपारी ऊन कलल्यावर धुतलेला शर्ट घालायचा, गुडघा चोळायचा आणि निघायचा. बाकावर बसायचा, कॉफी घ्यायचा आणि म्हणायचा, "मी मिहायो कपालाता, सेंगोंडो माझा. सिंहांच्या फाटकावरचा वॉचमन झोपला नव्हता. मी आज थट्टा करायला आलेलो नाही." लोक हसायचे, तो हसायचा नाही. कुणी झारामो त्याला गुलाम म्हणून डिवचायचा, उलट उत्तर म्हणून काही यायचं नाही. आमच्यात यापेक्षा मोठा अपमान नाही. काही जण उठून जायचे. एका कॉफीवाल्याने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि पेला उलटा ठेवला, म्हणजे पुन्हा इकडे येऊ नकोस.

माझ्याशीही त्याने थट्टा बंद केली. मी खुर्चीत बसवताना काहीतरी बोललो तर म्हणाला, "कोंडो, सकाळी मी तुझ्याशी थट्टा करताना लोकांनी ऐकलं तर दुपारी माझं कोण ऐकेल?" बरोबर होतं त्याचं. पण मला ते फार लागलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांचे वाडवडील काढत आलो होतो. आता तो यायचा, नमस्कार-चमत्कार, तब्येत कशी, पाऊस कधी, आणि दाढी करून जायचा. परक्या गिऱ्हाइकासारखं वागायचं मला जमत नव्हतं. कधी कधी जीभ चावून गप्प बसायचो.

पुस्तकांचं व्हायचं ते झालं. ज्याचा लिहिणाराच खोटं लिहिलं म्हणून गावभर सांगत फिरतो, त्या इन्स्पेक्टरचं कोण ऐकणार? फुटपाथवरच्या गोणपाटावर आता दुसरी पुस्तकं दिसू लागली. म्वाइपोपोने निरोप पाठवणं बंद केलं. मासूद शिंप्याने टीव्ही घेतला. मिहायोने नवीन काही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणायचा की दुपारी निघावं लागतं, वेळ कुठे आहे.

आणि एक दिवस कारियाकूच्या बसथांब्यावर दोन अनोळखी पोरं तेच फाटकं पुस्तक वाचत होती. एक म्हणाला की वॉचमनमुळे गेला बघ मालक. दुसरा म्हणाला, "नाही रे, तो झोपला नव्हता. लिहिणारा म्हातारा स्वतः सांगत फिरतो." मी बस सोडली आणि चालत मिहायोच्या खोलीवर गेलो. त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला की बस, चहा पी. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निघाला.

मग त्याची छाती भरू लागली. दोन गल्ल्या चालला की धाप, पुढे पुढे अंगणापर्यंतही जाववेना. मी खोलीवरच जाऊन त्याची दाढी करायचो. म्वानाइदी अधूनमधून मक्याची पेज आणून ठेवायची, फार न बोलता. त्या दिवशी मी नुकता साबण लावला होता आणि ती आली. वाटी स्टुलावर ठेवून निघणार, तेवढ्यात मिहायोने तिला थांबवलं.

"म्वानाइदी, आता लोक काय म्हणतात?"

"झोपला असं कुणी म्हणत नाही," ती म्हणाली.

मिहायोने डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता याला शांत झोप लागेल.

"म्हाताऱ्याचा वॉचमन म्हणतात," ती पुढे म्हणाली. "परवा नळावर एक नवी भाडेकरीण भेटली. म्हणाली, तू म्हाताऱ्याच्या वॉचमनची बायको ना, बिचारा म्हातारा किती झिजतो गं. शबानीचं नाव तिला माहीत नव्हतं. तुमचं माहीत होतं."

मिहायोने डोळे उघडले. साबण त्याच्या गालावर सुकत चालला होता. मी तिला म्हणालो, "वहिनी, त्याने जमेल ते केलं."

"केलं ना. मी नाही म्हणत नाही. एवढे बाक फिरला, एवढ्या लोकांना सांगितलं." ती दाराच्या चौकटीला टेकली. तीही थकलेली होती, दिवसभर कढईपुढे उभी असते. "पण बाबा, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, तो कसा होता. झोपला नव्हता असं मी म्हणाले, मान्य केलंत. मला कसं कळलं हेही विचारलं नाहीत."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.

"कसा होता?" मिहायोने विचारलं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. "कोंडो, तू बाहेर जाऊ नकोस, ऐक. त्याने मला शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून. पण आता सांगितलं तरी चालेल. हसले लोक तर हसू देत, निदान त्याला ओळखून हसतील." मग ती मिहायोकडे वळली. "त्याला अंधाराची भीती वाटायची. लहानपणापासून. घरी दिवा विझवू द्यायचा नाही, रॉकेल संपलं की अंथरुणात उठून बसायचा, माझा हात धरून. दुसरं काम मिळालं नाही म्हणून वॉचमन झाला. त्या नोकरीत रात्री एकदाही त्याचा डोळा लागला नाही. अंधारात डोळे मिटायची हिंमत नव्हती त्याची. सकाळी घरी यायचा, ऊन दारात आलं की मग झोपायचा."

मी हसलो नाही. वॉचमन आणि अंधाराची भीती, दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यावर आठवडाभर जगलो असतो.

मिहायो हळूहळू उशीवरून वर सरकला. त्याचं कपाळ आक्रसलं होतं. पूर्वी खुर्चीत पडल्या पडल्या पुस्तकातला गुंता सोडवताना तो असाच दिसायचा.

"मग फाटकावर तो बसायचा कुठे?" त्याने विचारलं.

"दिव्याखाली," म्वानाइदी म्हणाली. "सिंहांच्या मधोमध दिवा होता ना, बरोबर त्याच्याखाली स्टूल. मालकाने कितीदा सांगितलं होतं, आडोशाला बस म्हणून. तो जायचा नाही."

मिहायोने तिच्याकडे पाहिलं. त्याचा श्वास वाजत होता.

"म्हणजे त्यांना तो लांबूनच दिसला असणार," तो म्हणाला. "आणि अंधारातले ते त्याला दिसले नसणार."

"हो," म्वानाइदी म्हणाली. "ते मला तो गेला त्याच दिवशी कळलं होतं." आणि पेज गार होते आहे म्हणून तिने वाटी उचलून त्याच्या हातात दिली.